ताईची पहिली कमाई

पहिला पगार झाला की आपण काय करतो, बॉस? नवा मोबाईल, जीन्स, मित्रांना पार्टी! लता मंगेशकरांच्या नशिबी ते नव्हतं. एप्रिल १९४२ मध्ये वडील, मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा त्या जेमतेम साडेबारा वर्षांच्या. पाठीवर मीना, आशा, उषा, हृदयनाथ. घर चालवायला त्या सिनेमात कामं करू लागल्या; ‘पहिली मंगळागौर’ त्याच वर्षीचा. मेकअप, अ‍ॅक्टिंग मुळीच आवडायचं नाही, तरी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. २०२२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा मला गानसम्राज्ञीआधी आठवली ती ही थोरली ताई. आपल्याकडे ताईच्या त्यागाचं कौतुक फार; तिला काय आवडतं, हे विचारायचं मात्र राहून जातं. तुम्हाला ताई आहे ना? मग आज लंच टाइममध्ये फोन लावा. नुसतं विचारा, “ताई, तुला काय हवंय गं?”