बाईची हजेरी

मी गोदीतला हमाल. मॅट्रिक झालो आणि पाठीवर पोतं आलं. आमच्या पाळीला गोदामात सांडलेलं धान्य झाडायला बाया येतात. मुकादम आम्हाला नावानं पुकारतो, त्यांना 'ए बाई'. मजुरी आमच्याहून कमी. मुतारी फक्त पुरुषांची. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. का, ते मला पाच वर्षं कळलं नाही. आणि मी क्रांतीच्या कविता लिहितो!

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याची बाजू घेतली. बाईच्या मेहनतीचा नफा मालक खातो, तर भारही त्यानं उचलावा, हे त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. आमच्या गोदामात दोन्ही पोचले नाहीत.

राजस्थानची भंवरीदेवी, कुंभाराची बाई. सरकारी कामावर बालविवाह रोखू गेली, म्हणून १९९२ ला तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ ला खालच्या कोर्टानं आरोपींना त्यातून सोडलं. पण तिच्यामुळंच बायांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९७ ला विशाखा निकाल, २०१३ ला कायदा. ऑफिसातल्या बाईच्या तक्रारीला समिती मिळाली ती हिच्यापायी. दहापेक्षा कमी माणसं असली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. झाडूवालीला हे कुणी सांगितलं?

दोस्तांनो, आपण सांगायचं. मोर्चात बाई पुढं, युनियनच्या कमिटीत गायब, हे बंद. पुढच्या मागणीपत्राचं पहिलं कलम : समान दाम, बायांना संडास, कमिटीत बाई. हे जमत नसेल, तर 'जयभीम' म्हणताना आपली जीभ अडखळली पाहिजे.