दुकानाला बंद वार हवाच

‘धंदा करायचा तर मालकाला सुट्टी नसते’ हे वाक्य लहान दुकानदारांच्या घरात बाप मुलाला ऐकवतो आणि मुलगा पुढे तेच आपल्या मुलाला ऐकवतो. सकाळी आठला शटर वर, रात्री दहाला खाली. दिवसाचे १४ तास आणि सातही वार धरले तर आठवड्याचे ९८. नारायण मूर्तींनी २०२३ च्या ऑक्टोबरात तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले तेव्हा देशभर वाद झाला. त्या वादात पगारदारांची बाजू हिरिरीने मांडली गेली. किराणा दुकानदार, हार्डवेअरवाला, झेरॉक्सवाला, घरी शिलाई मशीन चालवणारी बाई यांचा विषय मात्र क्वचितच निघाला, कारण त्यांचे ९८ तास आपण गृहीतच धरलेले आहेत.

मला हे गृहीतच मान्य नाही. लहान व्यावसायिकाला आठवड्याचा एक पूर्ण दिवस आणि रात्रीची ठरलेली वेळ आपली म्हणून मिळालीच पाहिजे. पण ती त्याने एकट्याने, मन घट्ट करून मिळवावी असे मी म्हणणार नाही. तसे सांगणाऱ्यांशीच माझा पहिला वाद आहे.

व्यवसाय मार्गदर्शनाच्या शिबिरांत वक्ते ठरावीक उपाय सांगतात: वेळेचे नियोजन करा, कामे वाटून द्या, माणूस नेमा, फोन बंद ठेवायला शिका. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हिशेब कच्चा आहे. किराण्यात शेकडा दहाच्या आसपास सुटते असे धरू. १५,००० रुपये पगाराचा माणूस ठेवायचा तर महिन्याला दीड लाखाची जास्तीची विक्री हवी, आणि तीही केवळ त्याचा पगार भागवण्यापुरती. जिथे एकूण विक्रीच तीन-चार लाखांची, तिथे हा सल्ला निरुपयोगी आहे. उरलेले उपायही असेच. समोरचे दुकान उघडे असताना आपले बंद ठेवायला नियोजन पुरत नाही. आपण बंद ठेवले आणि शेजाऱ्याने उघडले, तर त्या दिवशीचे गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते आणि कदाचित तिकडेच राहते, ही भीती खरी आहे. तिला आळस किंवा लोभ म्हणणे अन्याय आहे.

म्हणून मुळाशी जायला हवे. सुट्टी आपल्याकडे आली कशी? मुंबईच्या गिरण्यांत कामगार सातही दिवस राबत होते, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी केली. साडेपाच हजार कामगारांनी मागणीच्या अर्जावर सह्या-अंगठे दिले. रविवार खंडोबाचा, म्हणून तोच वार मागितला. ती सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. एखाद्या विणकराने एकट्याने ‘मी रविवारी येणार नाही’ म्हटले असते तर त्याची जागा दुसऱ्याने घेतली असती. सगळ्यांनी मिळून मागितली, म्हणून सगळ्यांना मिळाली. खेड्यातले गवंडी आणि सुतार अवसेला हत्याराला हात लावत नसत, तेही असेच. गावातला प्रत्येक गवंडी अवस पाळत होता, म्हणून कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नव्हते.

दुकानदाराला हे संरक्षण कायद्याने मिळाले होते, आणि ते गेले कधी हे बहुतेकांच्या लक्षातही आलेले नाही. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८, म्हणजे आपला ‘गुमास्ता’ कायदा, काही अपवाद सोडता प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला सांगत होता. दादरचा सोमवार आणि फोर्टातला रविवार लोकांना पाठ झाले ते त्याच काळात. नोकर सुट्टीवर जायचा आणि दुकानच बंद म्हटल्यावर मालकही घरी राहायचा. १९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा लागू झाला. दुकान वर्षभर, आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते, मात्र दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानात प्रत्येकाला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी दिलीच पाहिजे, असे त्यात ठरले. ज्यांच्याकडे दहापेक्षा कमी कामगार, त्यांना नुसती सूचना देऊन धंदा करता येऊ लागला. कामगाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मोठ्या दुकानाला पाळ्या लावून कामगारांना आळीपाळीने सुट्टी देता येते. पण ज्या दुकानात मालक, त्याची बायको आणि एखादा पोऱ्या एवढेच मनुष्यबळ, तिथे पाळी कोणाची आणि बदली कोण? पोऱ्याला मालक सुट्टी देईलही. बंद वार मोडल्यावर मालकाची सुट्टी मात्र कोणी हिरावून न घेताही गेली.

यावर आक्षेप येतो की मालक स्वतंत्र माणूस आहे, त्याला किती राबायचे ते तोच ठरवेल, कायद्याने किंवा संघटनेने त्यात पडू नये. हा मुद्दा वजनदार वाटतो, पण तो नवा नाही. पंजाबातल्या एका दुकानदाराने हेच म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती: माझ्या दुकानात नोकर नाही, मी आणि घरचेच काम करतो, मग बंद वाराची सक्ती मला कशी? साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. कामगाराने स्वतःच्या मर्जीनेही प्रकृतीला झेपेल त्याहून अधिक राबू नये, अशी तजवीज कायदा करतो, आणि तेच तत्त्व स्वतःच्या धंद्यात राबणाऱ्या मालकाला लावण्यात गैरवाजवी काही नाही, असे न्यायालयाने सांगितले. मालकही कष्टकरीच आहे, ही गोष्ट तिथे मान्य झाली. आपल्या बाजारपेठांना ती अजून मान्य व्हायची आहे.

आणि झेपण्याचा प्रश्न खराच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आपला दुकानदार ५५ ची मर्यादा गुरुवारी रात्रीपर्यंतच ओलांडतो. जेवण गल्ल्यावर बसून, तेही गिऱ्हाईक नसेल तेव्हा. शाळेच्या पालकसभेला जायचे असेल तर भावाला बोलावून दुकानात बसवायचे.

‘आता दहा मिनिटांत घरपोच सामान येते, अशा वेळी दुकान बंद ठेवणे म्हणजे आत्महत्या’ हा विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांच्याशी लहान दुकानाची गाठ आहे, हे नाकारून चालणार नाही. पण तासांच्या शर्यतीत लहान दुकान जिंकणार कसे? त्यांच्या गोदामात पाळ्या बदलतात, इथे एकच माणूस बसलेला असतो. त्याने १४ चे १६ तास केले तरी हरणार तोच. त्याची ताकद वेगळी आहे. कोणत्या घरात कोणता तांदूळ लागतो हे त्याला ठाऊक असते, महिनाअखेरीस वहीवर उधार मांडायला तो तयार असतो, आणि ‘हे घेऊ नका, या लॉटचा माल बरोबर नाही’ असे तो तोंडावर सांगतो. ही ताकद टिकते ती माणूस ताजा असेल तर. थकलेला दुकानदार आधी चिडका होतो, मग हिशेबात चुकतो, मग उधारी वसूल करायची विसरतो.

दुपारी एक ते चार दुकान मिटण्याच्या पुण्याच्या रीतीची महाराष्ट्राने मनसोक्त थट्टा केली. ती व्यवस्था मला शहाणपणाची वाटते. पेठेत दुकान रस्त्याला आणि राहते घर त्याच वाड्यात, नाहीतर दोन बोळ पलीकडे. दुपारी घरी जाऊन गरम जेवायचे, घटकाभर पडायचे, संध्याकाळच्या गर्दीला ताज्या चेहऱ्याने उभे राहायचे. गोव्यातही दुपारी बाजार असाच मिटतो. पुण्यात ही रीत ढिली पडली त्याचे एक मोठे कारण म्हणजे घरे कोथरूड, सिंहगड रस्ता, धायरीकडे गेली. जाऊन येण्यातच दुपार संपली, तर दुकान मिटून करायचे काय? चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची बातमी झाली. त्यांच्याकडे पाळ्या लावण्याइतकी माणसे आहेत, त्यांना ते साधते. ज्याच्याकडे नाहीत त्याने त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

हिशेबाचीही एक गोष्ट बोलली पाहिजे. भागीदारी संस्थेत काम करणाऱ्या भागीदाराला ठरावीक मर्यादेत दिलेला मोबदला आयकर कायदा खर्च म्हणून मान्य करतो. एकट्या मालकाने स्वतःला पगार लावला तर तो खर्च धरला जात नाही. करापुरते ते ठीक. पण वहीत नाही म्हणून मनातूनही आपल्या श्रमाची किंमत पुसली जाते, आणि सणावारी दुकान उघडे ठेवून मिळालेले चारशे रुपये निव्वळ फायदा वाटतात. स्वतःच्या तासाला नोकराच्या तासाइतका दर लावून एकदा मांडून पाहावे. रात्री साडेआठनंतरचा दीड तास अनेक दुकानांत तोट्याचा निघेल.

यात बाईचा तास तर कुठेच मांडला जात नाही. दुकान नवऱ्याच्या नावावर, पण पुड्या बांधणे, पापड-मसाले करणे, पोऱ्याचा डबा, दुपारी गल्ल्यावर बसणे तिचे. जिचा धंदाच घरात आहे, म्हणजे पोळीभाजी, ब्लाउज, पार्लर, तिला तर शटरही नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘उद्या सकाळी दहा पोळ्या मिळतील का’ विचारले जाते आणि ती ‘हो’ लिहिते. बंद वाराची मागणी करणाऱ्या पुरुषांनी हे आधी नीट पाहावे. दुकान बंद म्हणून घरी पाहुणे आणि पुरणपोळी असे झाले, तर सुट्टी एकाचीच होईल.

तर मार्ग हा, की बाजारपेठेच्या व्यापारी संघटनेने वार आणि रात्रीची वेळ ठरवावी. कायद्याची सक्ती गेली, म्हणून एकमेकांना दिलेला शब्द बेकायदा झालेला नाही. औषधांची दुकाने आणि दूध यांना वगळावे किंवा त्यांच्या पाळ्या लावाव्यात. दिवाळीचा पंधरवडा, लग्नसराई, शाळा उघडण्याचा जून यांत बंद वार स्थगित ठेवावा आणि हंगाम सरल्यावर ते दिवस सलग भरून घ्यावेत. आरंभ सबंध शहरापासून नको, एका धंद्याच्या एका गल्लीपासून असावा. कापडाची गल्ली, भांड्यांची आळी, पुस्तकांचा चौक असा. तिथे गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी यायला अडचण नसते.

खरी अडचण ठराव मोडणाऱ्याची आहे. वीस दुकाने बंद आणि एकविसावे अर्धे शटर वर करून चालू, असे झाले की महिन्याभरात ठराव कोसळतो. त्याच्यावर बहिष्कार किंवा दमदाटी हा उपाय नव्हे. बहुधा तो सर्वांत जास्त कर्जात असलेला असतो. घाऊक व्यापाऱ्याकडून त्याला माल उधारीवर मिळवून देणे आणि त्याचा हप्ता चुकत असेल तर संघटनेच्या पतपेढीतून सोय लावणे, हे ठरावाच्याच कागदावर लिहिलेले असावे. उरले गिऱ्हाईक. बंद वाराची पाटी पाहून पुढच्या गल्लीत उघडे दुकान शोधत न फिरता, ज्याला जमेल त्याने एक दिवस थांबावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जावे.