एव्होरा पाहिले, रेवदंडा केव्हा पाहणार?

माझी भाची लिस्बनमध्ये उच्च शिक्षण घेत आहे. मध्यंतरी एका सुटीच्या दिवशी ती एव्होरा हे प्राचीन शहर पाहून आली आणि तिने मला सविस्तर पत्र लिहिले. पहिल्या शतकातील रोमन मंदिराचे उभे स्तंभ, मानवी हाडांनी व कवट्यांनी भिंती मढवलेले प्रार्थनामंदिर, येशूसंघीयांचे १५५९ साली स्थापन झालेले विद्यापीठ, आणि या साऱ्याला कवेत घेणारी तटबंदी. युनेस्कोने १९८६ साली या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, “मामा, तटबंदीच्या आत वसलेले शहर मी प्रथमच पाहिले.”

हे शेवटचे वाक्य वाचून मी खिन्न झालो. ही मुलगी कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी वाढली. साळावचा पूल ओलांडून ती रेवदंड्याला शेकडो वेळा गेली असेल. अलिबागला जाणारी तिची एस.टी. दर वेळी रेवदंड्याच्या तटबंदीतूनच गेली. पण ती तटबंदी आहे, हे तिला कोणी कधी सांगितलेच नाही. दोष तिचा नाही. तो तिच्या मामाचा आहे, शिक्षकांचा आहे, आपणा सर्वांचा आहे.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. १५०८ साली या बंदरात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा लढाईत पडला. १५७०-७१ साली निजामशाहीने या शहराला वेढा घातला होता. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा चार संघांचे मठ येथे नांदत होते. १७४० साली शहर मराठ्यांकडे आले. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या शेंड्यांवरून फ्रान्सिस्कनांचा ‘सातखणी’ मनोरा डोकावतो. त्याचा एकेक दगड ढासळत आहे आणि आपण शेजारून जात आहोत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला बाहेरचा: परकीय जुलमी सत्तेच्या खुणा जपायच्या कशासाठी? जुलूम झाला हे खरेच आहे. त्या सत्तेने देवळे पाडली, धर्माच्या नावाने सक्ती केली. ते लपवणे हे ख्रिस्ती माणसाला शोभणारे नाही. परंतु एव्होराचे रोमन मंदिर तरी कोणी बांधले? जेत्यांनीच! पुढे मध्ययुगात त्याच्या खांबांमधील जागा भिंतींनी बुजवून तेथे खाटिकखाना थाटण्यात आला. तो १८३६ पर्यंत चालला. नंतर गावाला जाग आली, भिंती काढल्या गेल्या, स्तंभ मोकळे झाले. आज एव्होराचा नागरिक ते मंदिर परक्यांचे म्हणून टाकून देत नाही. आपल्या मातीत, आपल्याच पूर्वजांच्या घामाने जे उभे राहिले ते आपले, मग हुकूम कोणाचाही असो. रेवदंड्याचे दगड काय लिस्बनच्या हमालांनी वाहिले?

दुसरा आक्षेप आतला आहे. तो कोणी उघडपणे बोलत नाही, म्हणून अधिक घातक आहे. रेवदंड्यावर हक्क सांगितला तर लोक आपल्याला फिरंगी म्हणतील, ही ती भीती. म्हणून आपण गप्प बसतो. आणि तेच आपण एव्होराची, रोमची छायाचित्रे मोठ्या अभिमानाने घराघरांत दाखवतो! परदेशातील वारसा मिरवायचा आणि दारातील वारशाची लाज बाळगायची, याला नम्रता म्हणत नाहीत. हा भित्रेपणा आहे.

या भित्रेपणाची किंमत केवळ दगड मोजत नाहीत. कोर्लईत पोर्तुगीजपासून उपजलेली, मराठीच्या सहवासात वाढलेली एक बोली आहे. तिची वाक्यरचनादेखील मराठीच्या वळणावर गेली आहे. कर्म आधी, क्रियापद शेवटी. ती बोलणारे उरले आहेत जेमतेम हजाराच्या आसपास. या बोलीवरचा ग्रंथ १९९६ साली लिहिला तो क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने. चौलच्या अवशेषांवर १८७६ साली गोव्याचे डॉ. गर्सन द कुन्या यांनी पुस्तक लिहिले, तेही इंग्रजीत. सातासमुद्रापलीकडचा अभ्यासक येऊन आमच्या आजीचे शब्द टिपून घेतो आणि आम्ही नातवंडांना सांगतो, “ते जुने काही बोलू नकोस.”

वाचकहो, उपाय अवघड नाही. आपल्या धर्मग्रामातील मुलांना वर्षातून एक दिवस रेवदंड्याला न्या. मनोरा दाखवा, मठांचे अवशेष दाखवा. कोणी बांधले, कोणी सोसले, कोणी जिंकले, हे सारे सांगा. गौरवही सांगा, पापही सांगा. वृद्धांच्या तोंडची बोली ध्वनिमुद्रित करा. एक छोटी मराठी पुस्तिका काढा.

भाचीला मी उत्तर लिहिले: “एव्होरा पाहिलेस, आनंद झाला. नाताळात घरी येशील तेव्हा एक दिवस राखून ठेव. तुझी एस.टी. ज्या भिंतीतून जाते, ती आपण दोघे मिळून पाहू. मीही अजून ती नीट पाहिलेली नाही.”