टाळ्या पडल्या, मुद्दा कुठे गेला?

जयंतीच्या व्यासपीठावर आपली पोरं बोलायला उभी राहतात. निम्मा वेळ मान्यवरांची नावं घेण्यात जातो, उरलेला घोषणांत. टाळ्या पडतात; पण वक्त्याने काय सांगितले, हे घरी जाताना कुणालाच सांगता येत नाही. यात दोष पोरांचा नाही. आपण त्यांच्या हाती माईक दिला, मांडणी शिकवली नाही.

ती शिकायची तर बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण वाचावे. संविधानाला फार वेळ लागला, हा आक्षेप ते आरंभीच घेतात आणि आकड्यांनी खोडतात: अमेरिकेचे संविधान चार महिन्यांत झाले, पण त्यात कलमे सात, आपल्याकडे ३९५, शिवाय सभागृहात मांडलेल्या २,४७३ दुरुस्त्या. शेवटी तीन इशारे येतात: मार्ग संवैधानिक ठेवा, राजकारणात व्यक्तिपूजा नको, सामाजिक लोकशाही उभी करा. आणि आम्ही? व्यक्तिपूजा नको म्हणणाऱ्या बाबासाहेबांचा नुसता जयघोष करून खाली उतरतो.

म्हणून आमचे म्हणणे आहे की, दर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास सराव व्हावा. प्रत्येकाला पाच मिनिटे. एक मुद्दा, त्याचा पुरावा, मग समोरून आक्षेप आणि त्याला उत्तर. मुलींना आधी संधी द्यावी. उद्या ग्रामसभेत वस्तीच्या निधीचा हिशेब मागताना टाळ्या कामी येणार नाहीत, मुद्दाच येईल.

जय भीम!