हाडांचं कुणी विचारलंच नाही!

माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणजे कामाला वाघ. गेल्या दिवाळीत फळीवरून फराळाचा डबा उतरवताना त्यांच्या पाठीत जी कळ आली, ती त्यांना आडवं करूनच थांबली. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला. वय अवघं ५२. ना कुठे पडल्या, ना घसरल्या. हाडांच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "स्टिरॉइडच्या गोळ्या किती दिवस चालू आहेत?"

संधिवातासाठी दोन वर्षं चालू होत्या. सूज उतरली, बोटं वळू लागली, म्हणून घरात सगळे खूश. या गोळ्या हाडं ठिसूळ करतात, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खरं तर संधिवात, दमा अशा आजारांत स्टिरॉइड मोठा आधार असतो. पण त्यामुळे नवं हाड तयार होण्याचं काम मंदावतं आणि कॅल्शिअम अंगी लागत नाही. हाडांची झीज सर्वांत जास्त होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. त्यात बाईची पाळी गेलेली असेल तर हाडं जपणारं इस्ट्रोजेनही कमी झालेलं. म्हणजे दुहेरी मार!

मग आमच्या बचत गटातली एक जण म्हणाली, "पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या देतात ना? त्या का नाही घेत?" प्रश्न रास्त होता. इस्ट्रोजेनने हाडांची झीज कमी होते. एके काळी या गोळ्या सर्रास दिल्या जात. मग २००२ साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांत हाडं कमी मोडली, पण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी यांचं प्रमाण वाढलं. जगभरच्या बायकांनी धसका घेतला. पुढे कळलं, की साठीच्या आतल्या, नुकतीच पाळी गेलेल्या बायकांना हा धोका बराच कमी असतो.

म्हणून आज स्टिरॉइडमुळे होणाऱ्या झिजेवर डॉक्टर सहसा आधी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं देतात. ती सोसत नसतील, किंवा पाळी जाताना अंगातून वाफा येण्याचा त्रासही असेल, तर हार्मोनचा विचार होतो. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर सहसा हार्मोन देतच नाहीत. शेजारणीच्या चिठ्ठीवर आणायची ही गोळी नव्हे!

जाऊबाईंच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून हार्मोन नको असं ठरवलं. आता त्या आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी हाडांची गोळी घेतात आणि अर्धा तास ताठ बसतात. म्हणतात, "तेवढा वेळ तरी मला कुणी कामाला लावत नाही गं!"

पण माझ्या मनात वेगळंच सलतं. सांध्यांचा डॉक्टर वेगळा, पाळीचा डॉक्टर वेगळा. मग मधली बाई कुणाची? आणि चूक काय फक्त डॉक्टरांची? दोन वर्षं जाऊबाई दवाखान्यात गेल्या त्या मुलाला सोबत घेऊन. त्याच्यासमोर पाळी गेल्याचं कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिल्या. हा संकोच त्यांच्या मणक्याला महागात पडला.

तेव्हा मैत्रिणींनो, तीन महिने किंवा अधिक काळ स्टिरॉइड घ्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, "माझ्या हाडांचं काय?" डेक्सा तपासणी करावी का, कॅल्शिअम आणि 'ड' जीवनसत्त्व किती घ्यावं, हेही विचारा. पाळी कधी गेली, ते आपणहून सांगा. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका, काहींत स्टिरॉइडच मिसळलेलं सापडतं. आणि हे वाचून घाबरून चालू गोळी एकदम बंद तर मुळीच करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं.

संसाराचा भार पेलायचा तर आधी आपला कणा ताठ हवा. त्याची विचारपूस आपणच नको का करायला?