रेंगाळलेली घसादुखी

'अ', कवर्ग आणि 'ह' यांचें उच्चारस्थान कंठ, असें आम्हीं छत्तीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकविलें. निवृत्तीनंतर त्याच कंठानें दोन महिने आम्हांस धडा दिला. सकाळीं घसा खरखरे, आंत कांहीं अडकल्यासारखें वाटे, आवाज बसे. ताप नाहीं, पडसें नाहीं. सूनबाईंनीं हळदीचें दूध दिलें, वहिनींनीं मिठाच्या गुळण्या करविल्या, आणि आम्ही ज्येष्ठमध चघळीत वयास दोष देत बसलों. गुण येईना. अखेर डॉक्टरांनीं प्रश्न केला, "गुरुजी, आपण रात्रीं जेवतां किती वाजतां, आणि निजतां किती वाजतां?" जेवण साडेनऊस, अंथरूण दहास! पोटांतील आम्ल रात्रीं वर चढून घसा पोळवीत होतें. जेवण सातास आणलें, पलंगाच्या उशाकडील पायांखालीं अर्ध्या फुटाचे ठोकळे दिले, सांगितलेलें औषध घेतलें. तेव्हां कोठें दोन महिन्यांनीं घसा निवळला.

तात्पर्य, घसादुखी हें लक्षण होय. रोग बहुधा निराळाच असतो. पुष्कळदां ती विषाणुजन्य पडशामुळें होते व आठवड्याभरांत आपोआप ओसरते. अशा वेळीं प्रतिजैविकें निरुपयोगी होत. पेलाभर, म्हणजे सुमारें २५० मिलिलिटर, कोमट पाण्यांत अर्धा चहाचा चमचा मीठ घालून दिवसांतून तीनचार वेळां गुळण्या कराव्या, सोसेल तसें ऊन पेय घ्यावें, चमचाभर मध चाटावा आणि आवाजास विश्रांति द्यावी. वर्षाच्या आंतील मुलास मात्र मध कदापि देऊं नये. चरकसंहितेंत कंठास हितकर अशा दहा द्रव्यांत ज्येष्ठमधाची गणना आहे खरी; तथापि तें रोज व फार घेतल्यास रक्तदाब वाढतो, हें वडील मंडळींनीं ध्यानीं ठेवावें.

घसा आठवड्यानंतरही धरलेलाच राहिला, तर कारण शोधावें. नाकांतील स्राव रात्रीं घशांत उतरतो काय? नाक चोंदून तोंडानें श्वास घ्यावा लागतो काय? घरांत धूप, उदबत्ती किंवा विडीचा धूर कोंडतो काय? शिक्षक, कीर्तनकार आणि लहान मुलांच्या माता यांच्या आवाजास अतोनात ताण पडतो, तोही विचारांत घ्यावा.

शाळकरी मुलांच्या बाबतींत आठवड्याचीही वाट पाहूं नये. खोकला-पडसें नसतां एकाएकीं ताप आला, गिळतांना वेदना होऊं लागल्या व गळ्याच्या गांठी सुजल्या, तर स्ट्रेप्टोकोकस नामक जंतूचा संशय घ्यावा. तेथें प्रतिजैविक आवश्यक असतें, आणि ताप उतरला तरी सांगितलेले सर्व दिवस तें द्यावें लागतें. हयगय झाल्यास दोनचार आठवड्यांनीं सांधे सुजविणारा ज्वर येऊन हृदयाच्या झडपा जन्माच्या अधू होण्याचा संभव असतो.

आमचे एक सहाध्यापक पानाबरोबर तंबाखू खात. घसा एकाच बाजूस दुखे, ठणका कानापर्यंत जाई. "गुळण्यांनीं बरें वाटतें," असें म्हणत त्यांनीं पांच महिने काढले. तपासणी झाली तेव्हां घशाचा कर्करोग पसरला होता. शाळेंत प्रार्थना सांगणारा तो खणखणीत आवाज आम्हांस पुन्हां ऐकूं आला नाहीं.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. घसा धरला त्या दिवशीं दिनदर्शिकेवर खूण करावी. एकत्र कुटुंबांत दुखणें केव्हां सुरू झालें हें कोणासच आठवत नाहीं; सुनेचें दुखणें तर तिला स्वतःलाही आठवत नाहीं. तेव्हां तिची खूण सासूबाईंनींच करावी. घसादुखी किंवा बसलेला आवाज यांस तीन आठवडे झाले, कीं डॉक्टरांकडे जावेंच. गळ्यांत गांठ लागणें, घांस अडकणें, थुंकींतून रक्त पडणें किंवा वजन घटणें यांपैकीं कांहीं दिसल्यास तितकेंही थांबूं नये. आणि लाळ गिळवेना किंवा श्वास घेतांना घरघर होऊं लागली, तर तत्काळ रुग्णालय गांठावें.

गुळण्यांस आमची ना नाहीं. त्यांनीं आराम पडतो. परंतु आराम पडला म्हणजे कारण गेलें, असें मात्र समजूं नये.