दुसरा बाण आपण मारू नये

नागीण बरी होते, फोड वाळतात, तरी त्याच पट्ट्यात महिनोन् महिने आग होत राहते. मधुमेह असलेल्या आईच्या तळपायांना रात्री मुंग्या येतात, सुया टोचतात, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. मग आपणच घरात म्हणतो, "नाटक करते," नाहीतर "बाहेरचं काही आहे का बघा." दोन्ही चूक आहे.

हे दुखणे मज्जातंतूंचे आहे. इजा झालेली नस कारण नसतानाही वेदनेचा संदेश पाठवत राहते. असे फार दिवस चालले की मज्जारज्जू आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटा जास्त हळव्या होतात. मेंदूकडून खाली येऊन वेदनेला आवर घालणारी वाटही कमजोर पडते. मेंदूचे काही भाग वेदना कुठे आणि किती ते सांगतात, तर काही भाग तिची भीती आणि तळमळ निर्माण करतात. म्हणून झोप उडते, मन खचते आणि खचलेल्या मनाला वेदना आणखी जाणवते.

तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या दुःखाचा. आमचे म्हणणे असे की, हा दुसरा बाण पुष्कळदा घरचेच मारतात, अविश्वासाने. आणि पहिला बाण मुकाट्याने सोसा, असे धम्म सांगत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते त्रस्त होते. त्यांनी उपचार घेतले आणि कामही सोडले नाही.

मेडिकलमधून आणलेल्या नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका असतो. डॉक्टर ॲमिट्रिप्टिलीन, गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन देतात. ॲमिट्रिप्टिलीन नैराश्यावरही चालते, म्हणून ती 'वेडाची गोळी' समजून फेकू नये. वेदना आवरणाऱ्या वाटेला ती बळ देते. या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, एकदम बंदही करू नयेत. साखर ताब्यात ठेवावी, तळपाय रोज पाहावेत, अनवाणी चालू नये.

दवाखान्यात आग, मुंग्या, बधिरपणा हे शब्द स्पष्ट सांगा. तपासल्याशिवाय "काही नाही" म्हणून परत पाठवले, तर पुन्हा विचारा. तो आपला हक्क आहे. आणि घरातले माणूस "दुखतंय" म्हणाले, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवू या.

जयभीम!